कॉम्प्युटरचा घास

आमच्याकडे येणाऱ्या माणसांचे दोन पाय एकमेकांशी पटवून घेत नाहीत. एक लांब तर दुसरा आखूड, एक सरळ तर दुसरा आत वळलेला, कुणाची टाच टेकत नाही तर कुणाची बोटं. दुकानातल्या तयार बुटांपुढे हात टेकले की ही माणसं आमच्याकडे येतात. कारखाना वडिलांनी काढला. कारखाना आपलं म्हणायचं, खोल्या तीनच आहेत. पुढच्या खोलीत पायाचं माप घ्यायचं, मधल्या खोलीत ठोकळे कापायचं यंत्र आणि मागच्या खोलीत चामड्याचं काम. मागची खोली माझ्या धाकट्या भावाची, पुढची माझी. मधल्या खोलीत इतका भुसा उडतो की तिच्यावर कुणी हक्क सांगत नाही.

पुढच्या खोलीत जमिनीवर काचेची एक पेटी आहे. तिच्यावर पाय ठेवला की पायाचा आकार शेजारच्या कॉम्प्युटरवर उमटतो. आखूड पायाला किती उंची द्यायची ते मी ठरवते आणि तो आकडा कॉम्प्युटरमध्ये भरते. मग मधल्या खोलीतलं यंत्र तेवढ्या जाडीचा ठोकळा कापतं आणि धाकटा तो बुटाच्या तळात बसवतो. हे सगळं ज्या प्रोग्रॅमवर चालायचं तो वडिलांच्या काळातला होता आणि त्याला एक खोड होती. तो उंची खायचा. सांगितलेल्या उंचीपेक्षा ठोकळा नेहमी थोडा बुटका निघायचा, आणि उंची जेवढी जास्त तेवढं त्याचं खाणंही जास्त. यंत्र थराथराने कापतं, आणि दर थराला पात्याची जाडी तो एकदा जास्तीची वजा करतो, असा वडिलांचा तर्क होता. ज्यांनी तो विकला त्यांना विचारलं, तर असं होणं शक्यच नाही म्हणाले. वडिलांनी वाद घातला नाही. ते आकडाच वाढवून भरायला लागले. किती वाढवायचा ते कुठेही लिहिलेलं नव्हतं, हाताला कळायचं.

"ह्या खादाडाला आधी घास घालावा लागतो," असं ते म्हणायचे. मी आकडा भरत असले की आतल्या खोलीतून ओरडून विचारायचे, घास घातलास का? माप द्यायला आलेली माणसं मग कारखान्यात एखादं जनावर बांधलंय की काय म्हणून इकडेतिकडे बघायची. वडील गेले तरी घास चालूच राहिला. पुढे पुढे तर आपण तो घालतोय हेही माझ्या लक्षात राहायचं नाही. हात आपोआप वरचा आकडा दाबायचे.

वडिलांच्या मागे माझी भावजय कामात लक्ष घालू लागली. आधी नुसती फोन घ्यायची, मग पत्रव्यवहार बघायला लागली, आणि बघता बघता कोणतं चामडं कुठून मागवायचं तेही तीच ठरवायला लागली. मनातल्या मनात मी तिला बाईसाहेब म्हणते. ती मला ताई म्हणते, अहो-जाहो करते आणि कधी आवाज चढवत नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

जुना प्रोग्रॅम बदलायचा विषय तिनेच काढला. तिचं म्हणणं असं की हा कॉम्प्युटर आता शेवटच्या घटका मोजतोय. पडदा थोबाडीत मारल्याशिवाय उजळत नाही, सुटे भाग कुठे मिळत नाहीत, आणि हा प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर चालत नाही. एक दिवस तो बंद पडला तर सगळ्या गिऱ्हाइकांची मापं त्याच्याबरोबर जातील. शिवाय त्याच्यावर काम करणं एकट्या ताईंना जमतं. उद्या ताई आजारी पडल्या तर काय करायचं?

तिचं सगळं बरोबर होतं, म्हणून तर माझ्या नाकाला जास्त मिरच्या झोंबल्या. चालतंय ते चांगलं चाललंय, नव्याचं खूळ कशाला, वडिलांनी ह्याच्यावर एवढी माणसं चालती केली, असं मी काहीबाही बोलत राहिले. खरं कारण तिच्या बोलण्यातच होतं. जुना प्रोग्रॅम एकट्या मला जमायचा. नवा कुणालाही जमला असता. मला घरी ना नवरा ना मूल, सकाळी उठून जायला ती पुढची खोली तेवढी आहे. तिथे कुणीही येऊन माझं काम करू शकेल हे मला सहन होत नव्हतं. धाकटा नेहमीसारखा दोघींच्या मधे मान खाली घालून शिवत बसला. शेवटी बायकोच्या बाजूने काहीतरी पुटपुटला आणि नवा प्रोग्रॅम यायचं ठरलं.

तो बसवायला एक माणूस आला. त्याने नवा कॉम्प्युटर लावला आणि जुन्यातली सगळी गिऱ्हाइकं, त्यांच्या आकड्यांसकट, नव्यात उतरवून दिली. नवा पडदा स्वच्छ, पायाचं चित्र रंगीत, आकड्यांसाठी भल्यामोठ्या चौकटी. मग त्याने नमुन्याचा एक ठोकळा कापून दाखवला. भावजयीने तो मोजला. सांगितलेली उंची आणि ठोकळ्याची उंची तंतोतंत एक. तिचा चेहरा उजळला, आणि माझ्या डोक्यात त्याच क्षणी लख्ख उजेड पडला. हा खात नाही. ह्याला घास नको. आणि जुन्यातून जे आकडे उतरलेत त्या प्रत्येकात घास आहे.

तो माणूस जाताना म्हणाला की जुन्याची काही खास गोष्ट असेल तर आत्ताच बघून घेऊ. भावजय माझ्याकडे वळली.

"ताई, जुन्यात तुम्ही काही वेगळं करत होतात का? लक्षात ठेवण्यासारखं?"

मी पदराने हात पुसत म्हटलं, "मी कसली वेगळं करतेय. काही नाही."

म्हणजे मला कळलं नव्हतं, विसरले होते, असं काही नाही. मला चांगलं कळलं होतं. मनात असं होतं की पहिला उंचीचा बूट होईल तो चुकेल. तो पायात घालून माणूस माझ्यासमोर उभा राहील, मी सगळ्यांदेखत म्हणेन, हे बघा तुमचं नवं, आणि तिथल्या तिथे ठोकळा कमी करून देईन. कुणाला इजा नाही, दुखापत नाही. बाईसाहेबांची मात्र चांगली जिरेल. एवढंच मला हवं होतं.

पण उंचीचे बूट रोज नसतात. सुरुवातीला आली ती सगळी सपाट पायांची नाहीतर टाचदुखीची माणसं. त्यांना उंची लागत नाही, त्यामुळे घासाचा प्रश्न नव्हता. नव्या प्रोग्रॅमवर त्यांची कामं झटपट झाली. भावजय पटापट शिकली आणि मला शिकवायला लागली, तेही न चिडता, तेच तेच परत सांगत. एकदा ती माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि शेजारी बसून कुठली चौकट कशासाठी ते दाखवायला लागली. तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर ती विचारणार, मग त्या दिवशी का नाही बोललात? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणजे होतं, देता येण्यासारखं नव्हतं. दर आठवड्याला ते आणखी अवघड होत गेलं आणि मी मूग गिळून बसले.

आमच्या जुन्या गिऱ्हाइकांत एक शिट्टीकाका आहेत. पलीकडच्या रस्त्यावर शाळा आहे. तिच्या कोपऱ्यावर उभं राहून ते मुलांना रस्ता ओलांडून देतात. तोंडात शिट्टी, एक हात गाड्यांच्या तोंडावर रोखलेला, दुसऱ्या हाताने मुलांना चला चला. लहानपणीच्या आजारात त्यांचा एक पाय वाढायचाच राहिला. आमच्याकडच्या सगळ्यांत जाड ठोकळ्यांतला एक त्यांचा, म्हणजे घासही सगळ्यांत मोठा, चांगला अर्ध्या बोटाएवढा. वडिलांनी त्यांचा पहिला बूट केला, पुढचे सगळे मी. वर्षातून एकदा नवा जोड न्यायचा आणि पुढचं वर्षभर त्या कोपऱ्यावर पळापळ करायची, असा त्यांचा नेम होता. त्यांना चालताना पाहिलं की आपल्या हाताला यश आहे असं मला वाटायचं.

त्यांचा नवा जोड करायला घेतला ते मला माहीत होतं. माप भावजयीने घेतलं. पायाचा आकार नवा, उंचीचा आकडा जुनाच, कारण आखूड पाय काही ह्या वयात वाढत नाही. मी ठरवलं होतं, घालून बघायला येतील तेव्हा मी असेनच. आमच्याकडे नवा बूट घातलेल्या माणसाला उभं करून मी मागून त्याच्या कमरेच्या दोन हाडांवर हात ठेवते. दोन्ही हात एका पातळीत आले की बूट बरोबर. हे भावजयीला माहीत नव्हतं, आणि तेही मी सांगितलं नव्हतं.

नेमकी ते आले त्या दिवशी मी डोळे तपासायला गेले होते. परत आले तेव्हा ती म्हणाली, शिट्टीकाका जोड घेऊन गेले. थोडं वेगळं वाटतंय म्हणाले, पण नवा बूट आहे, चार दिवसांत सवय होईल असं मी सांगितलं. मी बरं म्हटलं. त्यांचा आकडा पडद्यावर एका बोटाच्या अंतरावर होता. तो उघडून बघावा, मागून जाऊन त्यांना गाठावं, काहीतरी करावं. मी काही केलं नाही. स्वतःला सांगितलं, त्यांना खुपलं तर येतील की परत. कधी नव्हे ते पायाचं बरंवाईट मी गिऱ्हाइकावरच सोडून दिलं. त्या दिवसापासून शाळेच्या रस्त्याने जायचंही टाळायला लागले. भाजीला लांबच्या बाजाराला जायचे. भाजी तिथे चांगली मिळते असं शेजारणीला सांगायचे.

ते परत आले नाहीत. मीच एका दुपारी घाईत त्या रस्त्याने गेले आणि ते समोर दिसले. शाळा सुटायची वेळ होती. कोपऱ्यावरच्या कठड्याला धरून ते उभे होते, हातात काठी. शिट्टी वाजली, मुलं निघाली, आणि ते मधोमध न जाता कठड्याजवळूनच हात दाखवत राहिले. शाळेचा पहारेकरी रस्त्याच्या मधे उभा होता. 

मला बघून ते हसले. म्हणाले, ताई, संपलं बघा आमचं. चालताना झोक जातो, कंबर दुखते, परवा मुलांच्या देखत रस्त्यात गुडघ्यावर आलो. डॉक्टर म्हणाले वय झालं, तोल जातो ह्या वयात. गंमत म्हणजे घरात जुने फाटके बूट घालतो तर घरात काही होत नाही. बाहेर पडलं की होतं. म्हणजे पायांचं नसणार, मनातच भीती बसली असणार गाड्यांची.

मी त्यांच्या बुटांकडे बघत होते. आखूड पायाचा तळ दुसऱ्यापेक्षा इतका वर आला होता की लांबचा पायच आता आखूड पडला होता.

"बूट काचत नाहीत ना?" मी विचारलं.

"छे हो. बूट तुमच्या हातचे. बुटांचा प्रश्नच नाही," ते म्हणाले. "उद्या सकाळी मुख्याध्यापिकाबाईंना सांगून टाकतो, दुसरा माणूस बघा म्हणून. आपल्यामुळे एखाद्या पोराला काही झालं तर काय तोंड दाखवायचं?"

तेव्हा बोलायला हवं होतं. उद्या सांगू नका, एवढे तीन शब्द पुरले असते. त्याऐवजी मी म्हटलं, बूट संध्याकाळी माझ्याकडे आणून द्या, जरा बघून पॉलिश करून देते. मनात हिशेब असा की गुपचूप ठोकळा कमी करावा, उद्या त्यांना घालायला द्यावा, ते बरे होतील, आणि कुणाला कधी काही कळणार नाही. उलट माझीच वाहवा होईल. अशा वेळीही मला वाहवा सुचली.

संध्याकाळी ते बूट देऊन गेले. पायात जुने होते, एका बाजूने उसवलेले. आमच्या पायऱ्या ते काठी न टेकता सरळ उतरून गेले आणि त्यांचं त्यांना कळलंही नाही. मी दारात उभी राहून बघत होते. हाक मारायला तोंड उघडलं आणि मागून धाकट्याने विचारलं, कोण आलं होतं? मी म्हटलं, कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत मी कारखाना उघडला. तळ उचकटून ठोकळा मोकळा केला आणि घासायच्या यंत्रापाशी नेला, तेवढ्यात भावजय आली. इतक्या लवकर काय करताय म्हणाली. मी म्हटलं पॉलिश. ठोकळा हातात घेऊन पॉलिश कोण करतं? तिने तो माझ्या हातातून घेतला, खाली नाव बघितलं आणि काय झालं ते विचारलं. उंची जास्त झालीय, ते पडले रस्त्यात, एवढं मी सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ठोकळा मोजला, पुढच्या खोलीत जाऊन आकडा बघितला, परत येऊन पुन्हा मोजला. दोन्ही एकच होते.

तोवर धाकटाही आला. तीच त्याला सांगायला लागली. आकडा जुन्यातून उतरवतानाच काहीतरी बिघडला असणार, आणि आपण तपासला नाही. ते वेगळं वाटतंय म्हणत होते तेव्हाही सवय होईल म्हणून घालवलं त्यांना. माणूस पडला आपल्यामुळे. बोलता बोलता ती स्टुलावर बसली आणि हाताच्या तळव्यांनी डोळे दाबून धरले. धाकटा म्हणाला, ठोकळा जाड वाटला होता मलाही, पण नव्या कॉम्प्युटरचं माप म्हणून मी बोललो नाही. मग थोड्या वेळाने म्हणाला, ताईचं ऐकायला हवं होतं.

भावजयीने मान वर केली.

"तुम्ही म्हणत होतात, ताई. मीच हट्ट केला. जुना कॉम्प्युटर अजून माळ्यावर आहे. तोच परत लावू या. माप तुम्हीच घ्या, मी नाही हात लावणार."

इतके दिवस मी हेच वाक्य मनात तिच्या तोंडी घालत आले होते. तिने कसं बोलावं, मी कसं मोठ्या मनाने घ्यावं, सगळं पाठ करून ठेवलं होतं. आता ते पुढ्यात आलं होतं आणि हो म्हणण्याशिवाय मला काही करायचं नव्हतं. तिचे डोळे लाल झाले होते. तिने स्वतःच्या हाताने कधी एक आकडा चुकवला नव्हता.

"आकडा बरोबर उतरलाय," मी म्हटलं. "त्यात घास आहे."

धाकट्याला ताबडतोब कळलं. लहानपणापासून तो शब्द ऐकत आला होता. त्याने हातातलं चामडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली. भावजयीला शब्द माहीत नव्हता. तिला मी सगळं सांगितलं, जुन्याचं खाणं, वडिलांचं वाढवून भरणं, नमुन्याचा ठोकळा मोजला तेव्हा मला काय कळलं ते.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही म्हणालात, काही नाही. का?"

"तू तोंडघशी पडावीस म्हणून."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, तोंड धुऊन आली, नव्या कॉम्प्युटरपुढे बसली आणि विचारलं, अजून कुणाकुणाच्या आकड्यात आहे? मी तिच्या मागे उभी राहून एकेक सांगत गेले. तयार बुटांच्या फळीवर एका लहान मुलीचा जोड ठेवलेला होता, दुपारी तिची आई न्यायला येणार होती. भावजयीने तो उचलून धाकट्याच्या पुढ्यात ठेवला आणि फक्त म्हणाली, हा उघडा. पुढे तासभर आमच्यात आकड्यांशिवाय एक शब्द झाला नाही. जुना कॉम्प्युटर परत लावायचं कुणी बोललं नाही.

शिट्टीकाकांचा ठोकळा मी कमी केला, तळ चिकटवून दाबून घेतला आणि बूट घेऊन शाळेच्या कोपऱ्यावर गेले. पहारेकरी शिट्टी फुंकत होता. काका सकाळीच मुख्याध्यापिकाबाईंना भेटून घरी गेले म्हणाला.

एका धुलाईच्या दुकानामागे त्यांची खोली आहे. ते खिडकीशी बसले होते, पायात तेच उसवलेले बूट. मी नवे पुढे केले. त्यांनी घातले, उभे राहिले. मी मागून कमरेवर हात ठेवून पाहिलं, हात एका पातळीत आले. मग ते खिडकीपासून दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. काठी भिंतीलाच राहिली. "अरेच्चा," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसायला लागले. काय जादू केलीत म्हणाले.

जादू म्हणून घेता आलं असतं. मी खाली बसले आणि जसं भावजयीला सांगितलं तसं त्यांना सांगितलं. घासाचंही आणि का बोलले नाही त्याचंही. हसू आधी त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. पहिल्यांदा त्यांना एवढंच कळलं की आपल्याला काही झालेलं नाही.

"म्हणजे तोल गेलाच नव्हता माझा?"

"नाही."

"मन म्हातारं झालं असंच धरून चाललो होतो मी," ते म्हणाले. मग त्यांनी बुटांकडे बघितलं. "काल कोपऱ्यावर तुम्ही खाली बघत होतात. तेव्हा कळलं होतं तुम्हाला?"

मी हो म्हटलं.

"मी उद्या बाईंना सांगणार आहे म्हणालो, तेव्हाही?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मी घाईघाईने म्हटलं, मी आत्ता शाळेत जाते, मुख्याध्यापिकाबाईंना सगळं माझ्या तोंडाने सांगते, चूक माझी होती म्हणून. ते म्हणाले, जा, सांगा, सांगायलाच हवं. पण मी काम सोडतो म्हटल्यावर बाईंचा जीव भांड्यात पडलेला दिसला मला. मी पडलो तेव्हा आया उभ्या होत्या तिथे. आता पाय बरा आहे असं कुणीही येऊन सांगितलं, तरी कुठली आई पोराचा हात माझ्या हातात देईल?

 मी उठले. ते दारापर्यंत सोडायला आले, दोन्ही पाय सारखे टाकत.

"बूट चांगले झालेत," ते म्हणाले. "पुढच्या वेळी मात्र माप तुमच्या भावजयीला घेऊ द्या."

बरं, मी म्हटलं, आणि शाळेकडे निघाले.